चौदा पानी रिपोर्ट आणि ताजा कलमातली एक ओळ

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी ३३ वर्षांची. कासारवडवलीला राहते, ऐरोलीत नोकरी करते. घरात मिस्टर, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. सप्टेंबरात मला डेंग्यू झाला, पाच दिवस अ‍ॅडमिट होते. बरी झाले, कामावर रुजू झाले आणि नोव्हेंबर संपता संपता केस गळायला लागले. डोक्यावरून पाणी घेतलं की बाथरूमची जाळी तुंबते. उशीवर केस, डब्यातल्या पोळीत केस. वेणी निम्मी झालीय. सासूबाई म्हणतात, हे टँकरच्या पाण्याचं काम. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आठवड्यातले तीन-चार दिवस टँकरच असतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून डिसेंबरपासून बायोटिनच्या गमीज रोज दोन खातेय. दोन मिळून १०,००० मायक्रोग्रॅम, असं डबीवर लिहिलंय.

जानेवारीत एका लॅबचं ‘हेअर फॉल पॅकेज’ केलं, साडेतीन हजार रुपये. चौदा पानांचा रिपोर्ट आला. त्यात थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ०.१८, फ्री टी-४ वाढलेलं, व्हिटॅमिन डी १६ आणि एएनए ‘वीकली पॉझिटिव्ह’ १:८०, हे सगळं ठळक अक्षरात. हिमोग्लोबिन ११.२. फेरिटिन १४, पण त्यावर काही खूण नाही. बी-१२ ३१०, तेही नॉर्मलमध्ये. साखर, झिंक, टेस्टोस्टेरॉन ठीक. रात्री मोबाइलवर शोधलं तर थायरॉइड, ल्युपस, नाही नाही ते वाचलं आणि झोप उडाली. मिस्टर म्हणतात, तुला लोह कमी असणं शक्यच नाही, डेंग्यूच्या डिस्चार्ज पेपरवर फेरिटिन १,८५० होतं. माझ्या आईचा भांग पन्नाशीत फार रुंद झाला. माझंही तेच होणार का? आणखी कुठल्या टेस्ट करू? केस बारीक कापून टाकू का? रिपोर्टचे फोटो सोबत जोडलेत.

ता.क. मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा कॉपर-टी बसवली. तेव्हापासून पाळी सात-आठ दिवस चालते, गाठी पडतात. याचा केसांशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते.

एक वाचक, कासारवडवली, ठाणे

*

नमस्कार.

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ताजा कलमात टाकलीत. चौदा पानी रिपोर्टमध्ये ती कुठेही नाही, कारण रक्त घेताना तुम्हाला पाळीबद्दल कुणी विचारलंच नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांचं रक्त तपासण्यावरच माझं घर चालतं. तरीही ‘आणखी कुठल्या टेस्ट करू’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘अगदी मोजक्या’ असंच आहे. केस का गळतायत हे आधी माणसाच्या हकिकतीतून कळतं, मग डोक्याची कातडी पाहून, आणि रक्ताचा नंबर त्यानंतर लागतो. पहिल्या दोन ठिकाणी जो संशय येईल तो पक्का करायला किंवा खोडून काढायला रक्त तपासायचं. क्रम उलटा झाला की हातात ठळक अक्षरं येतात आणि त्यांचा अर्थ लावायला रात्री मोबाइल उरतो.

तेव्हा आधी हकिकत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात आणि दहा टक्क्यांच्या आसपास विश्रांतीला गेलेले असतात. विश्रांतीचा काळ साधारण तीन महिन्यांचा, तो संपला की केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून धडधाकट माणसाचेही रोज ५० ते १०० केस जातात, आणि त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. डेंग्यूसारखा मोठा ताप आला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. तुमचा ताप सप्टेंबरातला, गळती नोव्हेंबर अखेरची. हिशेब जुळतो. टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, झटपट वजन उतरवणारं डाएट, या सगळ्यांनंतर हेच होतं. गळती सुरू होईपर्यंत माणूस आजार विसरून गेलेला असतो, म्हणून तो कालपरवा बदललेल्या शाम्पूला नाहीतर पाण्याला दोष देतो.

या गळतीची वेगळी अशी रक्ताची टेस्ट नाही. ती तारखांवरून ओळखायची. दुसरं काही कारण पाठीशी नसेल तर ती तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. तुमच्या बाबतीत पाठीशी काहीतरी आहे असं मला वाटतं. त्याकडे येतेच, पण आधी पाण्याचं बोलू, कारण तुमच्या घोडबंदर रोडवरून येणाऱ्या पत्रांत टँकर हटकून असतो.

घरीच एक गोष्ट करून बघा. केस विंचरून झाले की फणीतले पंधरा-वीस केस गडद रंगाच्या कागदावर ठेवा आणि खिडकीशी नेऊन त्यांची टोकं नीट पाहा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला, बोटाला किंचित गाठीसारखा लागला, तर तो केस आपला काळ पुरा करून मुळाकडून सुटलाय. ठिपका नसेल, दोन्ही टोकं सारखीच असतील आणि तुकडे आखूड-लांब असतील, तर केस मधेच तुटलाय. क्षारांच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. स्ट्रेटनिंगनेही तेच होतं. पण जड पाणी केस मुळापासून सोडवत नाही. तुमचे बहुतेक केस ठिपक्याचे निघतील असा माझा अंदाज आहे. तसे निघाले तर तोच कागद सासूबाईंना दाखवा. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, फक्त इथे ते लागू पडत नाही. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेतला तर केस मऊ राहतील, एवढा त्यांच्या म्हणण्याचा उपयोग जरूर करा.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टक्कल पडून हवालदिल झाली होती, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन तपास केला, तेव्हा लोकांच्या रक्तात सेलेनियम भरमसाट वाढलेलं आणि झिंक कमी झालेलं आढळलं, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तिथे रक्ताच्या तपासणीचा उपयोग झाला, कारण लोक काय खातात-पितात हे आधी विचारलं गेलं होतं. आणि सेलेनियम हे काही परकं विष नव्हे. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांत ते असतं. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं तर केस गळतात. दोन-तीन कंपन्यांच्या ‘हेअर’ गोळ्या एकाच वेळी घेणाऱ्यांनी डब्यांच्या मागचे आकडे एकदा बेरीज करून पाहावेत.

आता तुमच्या गमीज. तुमची झोप बहुधा त्यांनीच उडवलीय.

शरीराला दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते अंडी, शेंगदाणे, डाळी यांतून मिळून जातं. तुम्ही त्याच्या अडीचशे-तीनशे पट घेताय. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं खरं, पण ते रक्तात असताना नमुना घेतला की मशीनची फसगत होते. बऱ्याच मशीनमध्ये थायरॉइडसारख्या तपासण्यांसाठी बायोटिनचाच हुकासारखा वापर केलेला असतो. हव्या त्या पदार्थाला बायोटिन लावलेली प्रतिपिंडं पकडतात आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन त्या बायोटिनला धरून ठेवतं. रक्तात बाहेरचं बायोटिन बक्कळ असेल तर सगळ्या जागा तेच अडवतं. मग टीएसएच खोटंच कमी येतं आणि फ्री टी-४ ची तपासणी उलट्या पद्धतीने चालत असल्यामुळे ते खोटंच वाढलेलं येतं. टीएसएच कमी आणि टी-४ जास्त, म्हणजे कागदावर थायरॉइड हुबेहूब वाढलेलं. तुमच्या रिपोर्टवर नेमकं हेच चित्र आहे.

ही नवलाची गोष्ट नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिलाय. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट बायोटिनमुळे खोटीच कमी येऊ शकते, आणि अशाने एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यांच्याकडे आहे. म्हणून मी तळमळीने सांगते, की रक्त द्यायला जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून गमीज वगळू नका. सगळ्याच मशीनवर हा घोटाळा होत नाही, काही कंपन्यांनी आपली रसायनं सुधारलीत. तुमच्या लॅबला फोन करून विचारा, त्यांना सांगता यायला हवं.

म्हणजे तुम्हाला थायरॉइड नाहीच, असं मी छातीठोक म्हणत नाही. पण छातीत धडधड, हात कापणं, खाऊनही वजन उतरणं, उकाडा सहन न होणं, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. या रिपोर्टवर कुणी थायरॉइड कमी करणारी गोळी सुरू करत असेल तर थांबा. गमीज बंद करून पुन्हा तपासा. निदान तीन दिवस बंद हव्यातच. तुमचा डोस मोठा आहे, म्हणून तुम्हाला मी आठवडा सांगेन. नंतरही सुरू करू नका. अंगात बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात, याला ठोस पुरावा नाही.

आता ज्यावर कुणी खूण केली नाही त्या आकड्याकडे या. फेरिटिन १४. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज. तुमच्या लॅबच्या रिपोर्टवर बायकांसाठी १० ते १५० अशी कक्षा छापलीय, म्हणून १४ नॉर्मल ठरलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपलाय असंच धरायचं. आपल्याकडे लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे, की चारचौघींची कक्षा काढली तर तिचं खालचं टोकच खाली घसरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. केसांच्या बाबतीत तर बरेच त्वचारोगतज्ज्ञ फेरिटिन ३० ते ४० च्या वर असावं म्हणतात, काही जण ७० सांगतात. या आकड्यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. पण १४ पुरेसं आहे असं केसांचा जाणकार म्हणणार नाही.

इथे एखादी चौकस वाचक विचारेल, की बायोटिनने टीएसएच बिघडलं तर फेरिटिनही बिघडलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. फेरिटिनसुद्धा बायोटिनमुळे खोटं कमी येऊ शकतं, आणि बी-१२ खोटं जास्त. म्हणून दोन्ही पुन्हा करायला सांगणार आहे. पण तुमच्या रिपोर्टचं दुसरं पान उघडा. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे १२ च्या खाली. त्याखाली एमसीव्ही ७६ आहे, म्हणजे लाल पेशी आकाराने बारीक झाल्यात. आरडीडब्ल्यू १७ आहे, म्हणजे पेशी लहानमोठ्या, एकसारख्या नाहीत. हे तिन्ही आकडे सीबीसी या तपासणीतले, ते पेशी मोजणाऱ्या मशीनमधून येतात आणि त्या मशीनला बायोटिनशी देणंघेणं नाही. बारीक आणि असमान पेशी, वर हिमोग्लोबिन कमी, ही लोह कमी पडल्याची ठरलेली खूण आहे. सीबीसी ही सगळ्यात स्वस्त टेस्ट, ती सरकारी दवाखान्यातही होते आणि तुमच्या चौदा पानांत सगळ्यात खरं तीच बोललीय. पुन्हा केलेलं फेरिटिन जर चांगलं आलं आणि एमसीव्ही तरीही बारीकच राहिला, तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष आहे का हे पाहायला एचपीएलसी नावाची एकच टेस्ट करावी. मला तशी शक्यता कमी वाटते.

मग लोह गेलं कुठे? तुमच्या ताजा कलमात. पाळीत साधारण ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर अतिस्राव. ८० मिलिलिटर रक्ताबरोबर ३५ ते ४० मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून आतडं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेतं आणि त्यातलंच बरंचसं रोजच्या झिजेला लागतं. सात-आठ दिवस, गाठींसह, दोन वर्षं. साठा संपणारच. कॉपर-टीने पाळीचा स्राव वाढतो हे माहीत असलेलं आहे आणि ती बसवताना तसं सांगायला हवं. बायका मात्र हे ‘होतं असं’ म्हणून काढत राहतात. दम लागला तर वय, थकवा आला तर लोकलची गर्दी, असं प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण जोडतात. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

आता मिस्टरांचं १,८५०. त्यांनी जुना कागद जपून ठेवला आणि आकडा शोधून काढला याचं मला कौतुक वाटतं, पण तो आकडा लोहाचा नव्हताच. संसर्गात आणि सूज असताना फेरिटिन लोहाशी संबंध नसताना वाढतं आणि डेंग्यूत तर ते हजारांच्या घरात जातं. त्या आठवड्यात तुमचा साठा रिकामा असता तरी आकडा मोठाच दिसला असता. म्हणून मोठ्या तापानंतर महिनाभर तरी केसांसाठी फेरिटिन करू नये. तुमचं जानेवारीचं फेरिटिन तापानंतर तीन महिन्यांहून जास्त काळाने केलेलं आहे, त्यामुळे धरायचं ते तेच.

एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं करतंय का हे पाहणारी, ल्युपसच्या संशयात करतात ती टेस्ट. याची भीती सगळ्यात जास्त वाटली असेल, आणि मला सगळ्यात कमी वाटते. निरोगी माणसांतही शंभरातल्या दहा-बारा जणांचं एएनए १:८० ला पॉझिटिव्ह येतं. सांधे दुखून सुजणं, उन्हात गेल्यावर गालांवर लाल चट्टे, तोंडात वारंवार फोड, लघवीला फेस, असं काही असेल तरच त्या टेस्टला अर्थ. त्यातलं काही नसेल तर ती पुन्हाही करू नका. पॅकेजचा दोष इथे नीट समजून घ्या. बहुतेक टेस्टची नॉर्मल कक्षा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते, म्हणजे विसातला एक निरोगी माणूस प्रत्येक टेस्टमध्ये बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर एखादी तरी बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. तुमच्या पॅकेजमध्ये साठाच्या वर आकडे आहेत.

व्हिटॅमिन डी १६ म्हणजे कमी आहे, २० च्या खाली कमीच धरतात. बायोटिनमुळे ते खोटंच वाढलेलं आलं असलं तर खरं त्याहूनही कमी असेल. हाडांसाठी उपचार घ्या. साठ हजार युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, असं डॉक्टर देतात. तेवढंच घ्या, मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. डी वाढल्यावर केस गळायचे थांबतील ही आशा मात्र त्यावर ठेवू नका.

आईच्या भांगाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण त्याचं उत्तर रक्तात मिळणार नाही. आनुवंशिक विरळपणात बहुतेक बायकांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. त्यात भांग रुंदावतो, केस हळूहळू बारीक होत जातात, आणि मूठभर गळती दिसेलच असं नाही. तुमची गळती अचानक आणि डोकंभर आहे, ती वेगळी. पण दोन्ही एकत्रही असू शकतात आणि मोठ्या गळतीनंतर मागचा विरळपणा उघडा पडतो. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाचं भिंग लावून भांगाजवळचे केस पाहतात, जाड केसांमध्ये बारीक केसांची भरती झालीय का ते तिथेच दिसतं. तसं निघालं तर मिनॉक्सिडिल हे जुनं, खात्रीचं औषध आहे. ते लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते, घाबरून बंद करू नये. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तर आता काय करायचं. गमीज आजच बंद. आठवड्याने त्याच लॅबमध्ये सकाळी टीएसएच, फ्री टी-४, फेरिटिन आणि बी-१२, एवढ्या चारच टेस्ट. लॅब तीच ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. उपाशी राहायची गरज नाही, चहा-पोळी खाऊन गेलात तरी चालेल. मधल्या काळात त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन डोकं दाखवा. खाजगीत खर्च नको असेल तर कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ठाणे महापालिकेचं. जाताना सीबीसीचं पान, डिस्चार्ज पेपर आणि मागच्या वर्षीचा भांग दिसेल असा एखादा फोटो न्या. लग्नाकार्यातले फोटो याला फार उपयोगी पडतात.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, हे पुढे ढकलू नका. कॉपर-टी जागेवर आहे का, गर्भाशयात गाठ वगैरे नाही ना, हे सोनोग्राफीत कळेल. कॉपर-टी काढून हॉर्मोनची टी बसवली तर स्राव बराच कमी होतो, किंवा पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या देता येतात. कोणता मार्ग तुमच्यासाठी बरा ते त्या ठरवतील. रक्त जाणं सुरूच राहिलं तर लोहाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी पुऱ्या पडणार नाहीत.

लोहाची गोळी डॉक्टरच लिहून देतील. ती चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागू पडते. रोज घेऊन पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते का हे विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून आतडं जास्त लोह उचलतं, असं अभ्यासात दिसलंय. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मासे-मटण खात असाल तर तिसऱ्या, सुकट, कलेजी यांतलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं. शाकाहारी असाल तर अळिवाची खीर, नाचणी, मोड आलेली कडधान्यं, आणि प्रत्येक जेवणात लिंबाची फोड. पण साठा इतका रिकामा झाल्यावर नुसत्या खाण्याने तो भरत नाही.

हे वाचून कुणी सरसकट फेरिटिन करायला धावू नये, म्हणून बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. पाळी पुढेमागे होत असेल, हनुवटीवर राठ केस आणि पुरळ असेल, तर पुरुषी हॉर्मोन आणि प्रोलॅक्टिन पाहावं लागतं, आणि तेही गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना नव्हे. चाई पडली असेल, म्हणजे नाण्याएवढी गुळगुळीत जागा, तर टीएसएच पुरतं. कुरतडल्यासारखे ठिकठिकाणी केस गेले असतील तर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट करतात, ते सांगताना लाजू नये. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी होणाऱ्या गळतीत थकवा किंवा फिकेपणा नसेल तर बहुधा काहीच लागत नाही. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे जाणाऱ्या पुरुषांना रक्ताच्या तपासणीने काही नवं कळत नाही. फक्त केसांसाठी फिनास्टेराइडची गोळी घेत असतील तर प्रोस्टेटच्या पीएसए टेस्टच्या वेळी सांगावं, कारण त्या गोळीने पीएसए निम्म्यावर येतं आणि धोका झाकला जातो.

केस कापण्याचं. कात्रीने मुळाला काही फरक पडत नाही. लांब केस गळाले की जाळीत ढीग मोठा दिसतो, आखूड गळाले की छोटा, एवढंच. धुवायला-वाळवायला सोपं म्हणून कापायचे असतील तर खुशाल कापा. धुणं मात्र कमी करू नका. ज्या केसाची विश्रांती संपलीय तो आज नाही तर परवा पडणारच, आणि तीन दिवस न धुता चौथ्या दिवशी धुतलं की एकदम चार दिवसांचे दिसतात.

लोह सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन पुन्हा करा. हिमोग्लोबिन आधी सुधारेल, साठा मागून भरेल, म्हणून हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी सोडू नका, किती महिने चालू ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे वेणीला फरक दिसायला वर्ष लागेल. त्याआधी कपाळाच्या कडेला उभे राहणारे बारीक नवे केस दिसायला लागतील, तेल लावूनही न बसणारे. जूनपर्यंत ते दिसले नाहीत किंवा गळती तशीच राहिली, तर नव्या पॅकेजवर पैसे घालू नका. त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे परत जा आणि भांगाचा नवा फोटो जुन्याशेजारी ठेवून त्यांना दाखवा.